क्लबात रिबन मिळतात, ग्रामसभेत घसा कोरडा पडतो: क्लब सोडावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. दीड वर्षापूर्वी पणजीच्या एका टोस्टमास्टर्स क्लबचे, म्हणजे लोकांपुढे बोलण्याचा सराव करणाऱ्या गटाचे, सभासद झालात. भाषणं झाली, क्लबाच्या शिक्षणक्रमातल्या दोन लेव्हल पूर्ण झाल्या, 'बेस्ट स्पीकर'च्या रिबनी घरी जमल्या. पण ऑफिसच्या आढावा बैठकीत दोन मिनिटं बोलायची वेळ आली की वाक्यं अर्धवट सुटतात. गावच्या ग्रामसभेत रस्त्याच्या कामाबद्दल विचारायला उठलात, सरपंचांनी मधेच तोडलं आणि तुम्ही खाली बसलात. आता विचारताय की क्लबात वेळ आणि पैसे घालवण्यात अर्थ आहे का, की सरळ मुंबईला जाऊन दोन दिवसांचं महागडं शिबिर करावं.

मी फोंड्याला कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि बरीच वर्षं अशा क्लबांमध्ये आहे. सभासद, मेंटॉर, पदाधिकारी अशा सगळ्या खुर्च्यांवर बसून झालंय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे बरेच भेटतात. ते येतात साधारण वर्ष-दीड वर्षानंतरच, कारण पहिले सहा महिने सुधारणा डोळ्यांना दिसते आणि नंतर ती थांबल्यासारखी वाटते.

तुमची अडचण भीतीची आहे असं मला वाटत नाही. नुसती भीती असती तर क्लबातही तोंड उघडलं नसतं. क्लबात समोर बसलेले लोक ऐकायलाच आलेले असतात. टाळ्या वाजवायचं त्यांनी दारातून आत येतानाच ठरवलेलं असतं आणि सात मिनिटं तुम्हाला कुणी मधे तोडणार नसतं. आढावा बैठकीत साहेबांचं अर्धं लक्ष लॅपटॉपवर असतं. ग्रामसभेत तुमच्या मागे उभा असलेला माणूस स्वतःचा विषय कधी येतो याची वाट बघत असतो. दीड वर्ष तुम्ही एकाच तऱ्हेच्या श्रोत्यांपुढे सराव केलात, आणि त्या श्रोत्यांपुढे तुम्ही आता खरंच चांगलं बोलता. म्हणून माझं उत्तर असं आहे: क्लब सोडू नका, पण क्लबातली तुमची भाषणं कमी करा आणि दुसऱ्याचं भाषण ऐकून त्यावर बोलण्याचं काम, म्हणजे इव्हॅल्युएशन, मागून घ्या. हे उलटं वाटेल. कारण पुढे देते.

त्याआधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी. बोलताना शब्द अडकणं, तोतरेपणा, किंवा छातीत धडधड इतकी की बैठक टाळावीशी वाटते, असं काही असेल तर आधी स्पीच थेरपिस्टला किंवा डॉक्टरांना भेटा आणि क्लब सोबत चालू ठेवा. २०१५ साली टोस्टमास्टर्सची जागतिक वक्तृत्व स्पर्धा जिंकलेले सौदी अरेबियाचे मोहम्मद कहतानी लहानपणी तोतरे बोलायचे, तेव्हा ही वाट कुणाला बंद नाही. पण क्लबातले सभासद थेरपिस्ट नसतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा क्लब कसा आहे. क्लब नावाला एकच असले तरी आतून फार वेगवेगळे असतात. दुसऱ्या एखाद्या क्लबात पाहुणे म्हणून एकदा जाऊन या. बहुतेक क्लब पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत. भाषणं कशी होतात ते बघू नका, ती कुठेही बरी-वाईट असतात. भाषणानंतर इव्हॅल्युएटर काय बोलतो ते ऐका. "खूप छान, आत्मविश्वास दिसला, आय काँटॅक्ट आणखी ठेवा" एवढंच प्रत्येकाला ऐकवलं जात असेल तर तिथे गप्पा चांगल्या होतात, शिक्षण फारसं होत नाही. सभा वेळेवर सुरू होते का, तेच चार जण सगळ्या भूमिका करतात का, हेही कळतं.

इव्हॅल्युएशनवर मी एवढा जोर देते, कारण या क्लबांची रचनाच तशी आहे. राल्फ स्मेडली हे अमेरिकेत वायएमसीएमध्ये शिक्षणाचं काम बघायचे. तिथे येणाऱ्या तरुणांना चार लोकांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि १९०५ मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला पहिला प्रयोग केला. आज जी संस्था आहे तिचा उगम २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथल्या वायएमसीएच्या तळघरात झालेल्या सभेत मानतात. या पद्धतीत गुरुजी नसतात. कुणी शिकवत नाही, सभासदच एकमेकांना सांगतात. सभेचे तीन भाग असतात: तयार भाषणं, आयत्या वेळचे विषय म्हणजे टेबल टॉपिक्स, आणि मग मूल्यमापन. पहिले दोन भाग आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांमध्येही बघायला मिळतात. तिसरा भाग सहसा इथेच मिळतो, आणि बहुतेक सभासद नेमका त्याच वेळी घड्याळाकडे बघत असतात, कारण शेवटची बस असते.

इव्हॅल्युएटरला दोन ते तीन मिनिटं मिळतात. समोरच्याचं सात मिनिटांचं भाषण एकदाच कानावर पडणार. त्यातलं नेमकं काय पोचलं, कुठे निसटलं, आणि पुढच्या वेळी एक गोष्ट कोणती बदलायची, हे लगेच उठून, त्या माणसाच्या तोंडावर, त्याला न दुखवता सांगायचं. आता तुमची आढावा बैठक आठवा. तिथेही तुम्हाला हेच करायचं असतं. बरीच माहिती दोन मिनिटांत गाळून, काहीशा नाराज माणसासमोर, पाठांतर नसताना बोलायचं. तयार भाषणाचा सराव या कामाला फारसा उपयोगी पडत नाही, इव्हॅल्युएशनचा पडतो.

मी ऐकताना काय करते ते सांगते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डाव्या बाजूला वक्ता काय बोलला ते माझ्या शब्दांत, तीन-चार शब्दांच्या तुकड्यांत लिहिते. उजव्या बाजूला फक्त माझं लक्ष कधी उडालं ते लिहिते, आणि त्या वेळी तो काय बोलत होता ते. 'हात खिशात', 'आवाज बारीक' असलं मी जवळजवळ काही लिहीत नाही. भाषण संपल्यावर डावी बाजू वाचली की कळतं, या माणसाला एका वाक्यात काय सांगायचं होतं. ते वाक्य मला सापडलं नाही, तर तेच माझं मूल्यमापन. उजवी बाजू वाचली की कळतं दुरुस्ती कुठे हवी.

एक उदाहरण देते. आमच्या क्लबात एका सभासदाने खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीवर, भाषण केलं. तिसवाडीतला माणूस, स्वतःच्या घरचं खाजन, विषय आतून माहीत. सुरुवात केली ती बांध किती प्राचीन आहेत इथपासून. मग गावाची जमीन गावकऱ्यांनी मिळून सांभाळायची गावकरी पद्धत, मग पोर्तुगीज काळ, मग कुळ कायदा. माझ्या उजव्या बाजूला तिसऱ्या मिनिटाला खूण पडली. पाचव्या मिनिटाला तो सहज म्हणाला की गेल्या वर्षी आमची मानस (बांधातलं पाणी अडवायचं दार) तुटली आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं. सगळी खोली एकदम त्याच्याकडे बघायला लागली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, तो पुढे आकडेवारीकडे गेला. मी उठून एवढंच सांगितलं: मानस म्हणजे काय हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, तिथून सुरू करा, पाणी शिरल्यावर पुढचे हंगाम भात का येत नाही ते सांगा, पोर्तुगीज काळ पूर्ण काढून टाका. पुढच्या महिन्यात त्याने तेच भाषण परत केलं. लाकडी दार, भरतीला बंद, ओहोटीला उघडं, ते एक दार कुजलं तर शेतात मीठ कसं चढतं आणि पावसाळ्यांनी ते धुऊन निघेपर्यंत कसं थांबावं लागतं, एवढंच. इतिहास फक्त एका वाक्यात आला. भाषण सहा मिनिटांत संपलं आणि नंतर लोक त्याच्याभोवती जमून प्रश्न विचारत राहिले.

यातून त्याला जेवढं मिळालं त्याहून जास्त मला मिळालं. दुसऱ्याच्या भाषणात पाचव्या मिनिटाला पुरलेली गोष्ट दिसायला लागली की स्वतःच्याही दिसायला लागतात. स्वतःचं लिहिलेलं वाचताना प्रत्येक वाक्य गरजेचंच वाटतं. दुसऱ्याचं ऐकताना आपण निर्दय असतो, आणि हा निर्दयपणा हळूहळू स्वतःकडे वळवता येतो. तुमच्या ऑफिसच्या स्लाइड्सवर हाच प्रयोग करून बघा. पाचव्या स्लाइडवर काय पुरलंय?

उदाहरणातली दुसरी गोष्टही तुमच्या कामाची आहे. तेच भाषण परत करायचं. पाथवेज या टोस्टमास्टर्सच्या शिक्षणक्रमात पहिल्याच लेव्हलला 'इव्हॅल्युएशन अँड फीडबॅक' नावाचा प्रकल्प आहे. एक भाषण करायचं, त्यावरचं मत ऐकायचं, ते मत वापरून दुसरं भाषण करायचं आणि मग एकदा स्वतः इव्हॅल्युएटर व्हायचं. दुसरं भाषण नवीन विषयावर केलं तरी चालतं. जवळजवळ सगळे नवीनच विषय घेतात, कारण तेच भाषण पुन्हा करायला लाज वाटते. मग लेव्हल भराभर पूर्ण होतात आणि एकही भाषण पहिल्या खर्ड्याच्या पुढे जात नाही. तुमच्या दोन लेव्हल झाल्या म्हणता, त्यातलं एक तरी भाषण तीनदा केलंत का? माझा अंदाज आहे, नाही. आपल्याकडे कीर्तनकार तेच आख्यान आयुष्यभर करतो आणि दरवेळी गाव बघून कमी-जास्त करतो. त्याला कुणी म्हणत नाही की बुवा, हे मागच्या वर्षी झालं.

कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेते. गोव्यात ज्यांचं बालपण देवळाच्या जत्रेतली नाटकं, भजनं आणि कीर्तनं बघण्यात, कधी त्यात काम करण्यात गेलंय, त्यांना आवाज कसा लावायचा हे शिकवावं लागत नाही. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या भागातून येणारी मुलं आइसब्रेकरला, म्हणजे क्लबातल्या पहिल्याच भाषणाला, खोली दणाणून सोडतात. अडचण पुढे येते. मंडपातल्या शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला आवाज आठ माणसांच्या एसी खोलीत फार मोठा होतो. तसंच रचनेचं. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, त्यात तत्त्वाचं निरूपण, आणि उत्तररंगात गोष्ट. बसलेल्या, निवांत, श्रद्धेने आलेल्या श्रोत्यांना हा क्रम फार सुंदर जमतो. ऑफिसात तोच क्रम घातक ठरतो. तिथे गोष्ट आणि निकाल आधी लागतात, निरूपण कुणी विचारलं तरच. तुम्ही डिचोलीचे आहात म्हणून हे लिहिलं. लागू नसेल तर सोडून द्या.

इव्हॅल्युएटर कसा मिळावा हे तुमच्या हातात असतं, हे फार कमी जण ओळखतात. सभेच्या आदल्या दिवशी त्याला फोन करा आणि सांगा, "मला बाकी काही सांगू नका, फक्त पहिल्या मिनिटात विषय कळला का एवढंच सांगा." असं सांगितलं की त्या माणसालाही हायसं वाटतं, कारण त्यालाही काय बोलावं कळत नसतं. स्तुती, मग दोष, मग पुन्हा स्तुती ही जी पद्धत सगळीकडे चालते ती नवख्या माणसासाठी ठीक आहे. दीड वर्षानंतर ती मागू नका. आणि क्लबातल्या एखाद्या कडक माणसाशी मैत्री करा. प्रत्येक क्लबात असा एक जण असतो, बहुधा जुना, थोडा तिरसट, ज्याला लोक इव्हॅल्युएटर म्हणून टाळतात.

आता ग्रामसभा. इथे टेबल टॉपिक्स उपयोगी आहेत, पण जसे चालतात तसे नाहीत. आयत्या वेळी विषय मिळतो, एक ते दोन मिनिटं बोलायचं, एका मिनिटाला हिरवा दिवा, दीड मिनिटाला पिवळा, दोनला लाल. विषय असतात 'तुम्ही ढग असता तर'. मजा येते. पण ग्रामसभेत ढगाबद्दल कुणी विचारत नाही. विषय देणाऱ्या टेबल टॉपिक्स मास्टरला सांगा की एका सभेला सगळे विषय पंचायतीचे ठेवा: कचऱ्याची गाडी येत नाही, नळाला पाणी नाही, शेतजमिनीवर बांधकाम, रस्ता खणून ठेवलाय. आणि एक अट घाला: बोलणाऱ्याला तिसाव्या सेकंदाला कुणीतरी मुद्दाम तोडायचं. "हा विषय आज अजेंड्यावर नाही." "तुम्ही मागच्या सभेला आला होता का?" आम्ही हे केलं तेव्हा पहिल्यांदा निम्मे जण तुमच्यासारखेच खाली बसले. नंतर हसत हसत शिकले.

तोडल्यावर करायचं ते साधं आहे. थांबायचं, समोरच्याचं वाक्य संपू द्यायचं, आवाज न चढवता आपला प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा म्हणायचा. त्यासाठी प्रश्न एका वाक्यात पाठ असावा लागतो. "अमुक वाड्यावरच्या रस्त्याचं काम कधी पूर्ण होणार आणि ठेकेदाराला किती पैसे दिले गेले?" एवढंच. पार्श्वभूमी नको, "मला असं वाटतं की" नको, गाव कसं बदललं तेही नको. उत्तर गोल मिळालं तर "माझा प्रश्न आणि तुमचं उत्तर इतिवृत्तात नोंदवा" असं सचिवांकडे बघून म्हणायचं. या एका वाक्याने खोलीतला सूर बदलतो, मी पाहिलंय. शक्य असेल तर प्रश्न आधी लेखी देऊन ठेवा. गोव्यात पंचायत राज कायद्याप्रमाणे सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात, म्हणजे तयारीला तारीख हातात असते. आणि हेही मान्य करायला हवं की ग्रामसभेत कधी कधी कितीही चांगलं बोललात तरी ऐकलं जात नाही, कारण निर्णय आधीच झालेला असतो. त्याचा दोष स्वतःच्या वक्तृत्वाला देऊ नका.

भाषेचं काय, हे तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण माझ्या मते तुमच्या अडखळण्यात तिचा वाटा मोठा आहे. घरी कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी. आमच्या पिढीपासून बहुतेकांचं असंच. क्लबात सगळं इंग्रजीत, पाठ केलेलं, त्यामुळे तिथे अडचण कळत नाही. आयत्या वेळी बोलताना मात्र मुद्दा एका भाषेत सुचतो, वाक्य दुसऱ्या भाषेत जुळवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात धागा सुटतो. यावर मी विद्यार्थ्यांना सांगते ते असं: जी गोष्ट ज्या भाषेत घडली त्या भाषेत तिचे मुद्दे कागदावर काढा. मशीन बंद पडल्याची गोष्ट प्लांटवर हिंदीत घडली असेल तर हिंदीत लिहा, रस्त्याची गोष्ट कोंकणीत घडली असेल तर कोंकणीत. मग ज्या भाषेत बोलायचंय तिच्यात फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य नीट तयार करा. मधलं मोडकंतोडकं चालतं. ग्रामसभेत तर तुम्ही घरच्यासारखं कोंकणीत बोललात तरी कुणी गुण कापणार नाही. काही जण तिथे उगाच पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी काढायला जातात आणि अडकतात.

बोलताना भरतीचे शब्द घालण्याच्या सवयीबद्दल थोडंच लिहिते. असे शब्द मोजणारा सभासद, म्हणजे 'आह काउंटर', दर सभेला मोजून सांगतो: "म्हणजे" इतक्या वेळा, "ॲक्च्युअली" इतक्या वेळा, "काय आहे ना" इतक्या वेळा. सुरुवातीला याचा उपयोग होतो. पण दीड वर्षानंतर आकडा शून्यावर आणायच्या नादात बोलणं ताठ होतं. तुम्हाला "म्हणजे"च्या जागी दोन सेकंद गप्प बसता येतं का एवढंच बघा.

ऑफिसच्या बैठकीसाठी क्लबात एक वेगळा स्लॉट मागा. बहुतेक क्लबांना सांगितलं तर चालतं. उभं राहायचं नाही, टेबलाशी बसूनच बोलायचं, कारण बैठकीत तुम्ही बसलेले असता. दोन मिनिटं, दोन स्लाइड्स, नंतर पाच मिनिटं प्रश्न. क्लबातल्या कुणा कंपनीवाल्याला साहेबांची भूमिका द्या आणि मोबाइलमध्ये बघत राहायला सांगा. पहिलं वाक्य निकालाचं असू द्या: "या महिन्यात तीन डेव्हिएशन (ठरलेल्या प्रक्रियेत झालेले फरक), दोन बंद झाली, तिसऱ्यासाठी मला तुमची मंजुरी हवी." मग कारण. तुमच्या क्षेत्रात माणसं कारणापासून सुरू करतात, कारण अहवाल त्याच क्रमाने लिहायची सवय असते. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या दहा सेकंदांत एवढंच कळायला हवं असतं की त्याच्याकडून काय हवंय. आणि उत्तर येत नसेल तर "उद्या सकाळपर्यंत आकडा पाठवतो" हे पूर्ण, सन्मानाचं उत्तर आहे. तेही मोठ्याने म्हणून सराव करा. ते म्हणता न आल्यामुळेच बरीच माणसं गडबडतात.

स्पर्धांबद्दल: एकदा जरूर उतरा, वेळेचं भान येतं. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात साडेसात मिनिटांच्या पुढे गेलात की बाद, मग कितीही रंगलेलं असो. पण स्पर्धेची शैली अंगाला लावून घेऊ नका. स्टेजवर ठरवून तीन पावलं चालणं, मधेच गोठून उभं राहणं, शेवटी आवाज खाली आणून डोळे मिटणं, हे यूट्यूबवर बघून मुलं हुबेहूब करतात. परीक्षकांना आवडतंही. तुमच्या साहेबांना आवडणार नाही.

दोन दिवसांच्या शिबिराचं मत विचारलंत. वाईट नसतात, उत्साह येतो. पण बोलणं ही हाताची कला आहे, तिला दर पंधरवड्याला हात लावावा लागतो, आणि शिबिर संपल्यावर तुम्ही परत डिचोलीत एकटेच. तेच पैसे वाचवा. ऑफिसने खर्च केला तर मात्र जा.

अंतराची अडचण खरी आहे. पणजीची संध्याकाळची सभा साडेआठ-नऊला संपते आणि त्या वेळेला डिचोलीकडे बस मिळणं म्हणजे नशीब. वाहन असेल तर प्रश्न नाही. नसेल तर शनिवार-रविवारी सकाळी भेटणारा क्लब शोधा, किंवा ऑनलाइन सभा घेणारा. ऑनलाइनचा तोटा असा की समोरच्याचं लक्ष उडालेलं दिसत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच बघायला शिकायचंय. म्हणून दोन्ही मिसळून करा.

आणि क्लबाशिवायही एक मार्ग आहे. नवीन टोस्टमास्टर्स क्लब अधिकृत करायला वीस सभासद लागतात, ते गावात जमवणं कठीण. पण सहा-आठ जण जमले तरी ही पद्धत चालते. कुणावर संलग्नतेची सक्ती नाही. गावच्या वाचनालयात, देवळाच्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात महिन्यातून दोनदा तासभर. मोबाइलवर वेळ लावा, दोन भाषणं, चार आयते विषय, आणि प्रत्येक भाषणावर एकाने बोलायचं. मराठीत किंवा कोंकणीत, जसं जमेल तसं. मराठीत वक्तृत्वाची परंपरा जुनी आहे, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पण आपल्याकडे व्याख्यान झालं की आभार, नारळ आणि चहा. वक्त्याला त्याच्या तोंडावर "तिसऱ्या मिनिटाला माझं लक्ष उडालं" असं सांगायची पद्धत आपल्यात नाही. छोट्या गटात ती पाडता येते, आणि ओळखीच्या माणसांत ती पाडणं जड जातं, म्हणून पहिल्या सभेलाच नियम लिहून भिंतीवर लावा.

क्लबाची वर्गणी ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये नव्याने भरायची असते. या ऑक्टोबरची भरा. पुढच्या सहा महिन्यांत स्वतःची भाषणं फक्त दोनच घ्या, आणि ती दोन्ही एकाच विषयावर, दुसरं भाषण पहिल्याची दुरुस्ती म्हणून. बाकी प्रत्येक सभेला व्हीपी एज्युकेशनकडे, म्हणजे सभेतल्या भूमिका वाटणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे, इव्हॅल्युएटरची भूमिका मागा. मिळाली नाही तर टायमरची, म्हणजे वेळ मोजायची, भूमिका घ्या, कारण घड्याळ हातात असलं की लोक कुठे लांबवतात ते फार स्पष्ट दिसतं. वही जपून ठेवा. जानेवारीच्या ग्रामसभेत तोच रस्त्याचा प्रश्न एका वाक्यात विचारा. मार्चअखेर वही उघडून पहिली आणि शेवटची चार पानं शेजारी ठेवा. उजव्या बाजूच्या नोंदी नेमक्या होत गेल्या असतील आणि आढावा बैठकीत तुम्ही निकालापासून सुरुवात करायला लागला असाल, तर एप्रिलची वर्गणीही भरा. नोंदी तशाच ढोबळ असतील तर क्लब बदला, आणि नवा क्लब निवडताना त्यांच्या सभेचा शेवटचा अर्धा तास, म्हणजे मूल्यमापन, बसून ऐका.